दर्याची माफी

"समुद्र माझी माफी मागेपर्यंत नारळ देणार नाही!" राजे उदाजीरावांनी भर दरबारात जाहीर केलं आणि कोळीवाड्याचं धाबं दणाणलं.

नारळी पौर्णिमा उद्यावर आलेली. राजाच्या हातचा सोनेरी नारळ दर्यात पडल्याशिवाय एकाही होडीने पाण्याला शिवायचं नाही, ही तिथली जुनी रीत. पण महाराज रुसले होते! आषाढात सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी आपली नवीकोरी मोरमुखी होडी खाडीच्या तोंडाशी बांधून ठेवली आणि समुद्राने ती गिळली. चूक कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची छाती कोणाची?

छाती होती चांगुणा कोळणीची. घरातली सुकी मासळी संपली होती, पोरं मिठाशी पेज पीत होती आणि होडी किनाऱ्यावर नुसती पडून होती. ती तडक दरबारात शिरली.

"म्हाराज, दर्या उद्या माफी मागंल!"

"कुठे?"

"तुमच्या पायांशी येऊन. पन आसन मी सांगन तिथं मांडायचं, आनि माफी पुरी होईस्तोवर उठायचं नाय."

"मी उठणारा नव्हे! पण समुद्र आला नाही, तर तुझी होडी फोडून चुलीत घालीन!"

चांगुणा म्हणाली, "कबूल!"

सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत आसन मांडलं. जरीचा अंगरखा घालून, हाती सोनेरी नारळ घेऊन महाराज ऐटीत बसले. सारा गाव जमला. समुद्र मात्र लांबच.

"कुठाय तुझा गुन्हेगार?"

"येतोय, म्हाराज. चूक मोठी असली की मानूस पाय ओढतच येतो!"

हळूहळू भरती चढली. एक लाट आली आणि राजाच्या पायांना लागून परत फिरली.

"बघा, पाया पडला!" चांगुणा ओरडली.

"हॅ! तो तर कुत्र्यामांजरांच्याही पाया पडतो. ही कसली माफी?"

"बरं. मग अजून मागंल."

पाणी गुडघ्यांना लागलं. महाराज दात आवळून बसले. पाणी मांडीवर आलं, तसा अंगरखा फुगून वर तरंगू लागला.

"चांगुणे! हा कमरेपर्यंत आला!"

"पाय धरून भागलं नाय, म्हनून कंबर धरली बिचाऱ्यानं! आता गळ्यात पडंल!"

"माफ! माफ केलं!" म्हणत महाराज ताडकन उठले आणि त्यांनी नारळ पाण्यात सोडला. किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला.

कोरड्या वाळूवर येऊन बसल्यावर मात्र महाराजांना शंका आली. "अगं, ही तर रोजची भरती! समुद्राने माफीच मागितली कशावरून?"

तोवर दुपार कलली होती, पाणी ओसरायला लागलं होतं. चांगुणाने तिकडे बोट दाखवलं.

"जातो कसा ते बघा की, म्हाराज! तुमच्या दरबारातनं मानकरी निघतो तसाच. मागं मागं सरकत, तुमाला पाठ न दाखवता!"

महाराज बघतच राहिले. मग असे हसले, की पोट धरून वाळूतच लोळले. त्यांनी आपला भिजका जरीचा शेला चांगुणाच्या खांद्यावर टाकला आणि हुकूम सोडला, की यापुढे दर नारळी पौर्णिमेला पहिली होडी चांगुणाचीच सुटेल. त्या वर्षीची तर त्याच ओहोटीबरोबर सुटली.