पटावरचे बगळे

सकाळी अकरा वाजता पंचायत समितीच्या सभागृहात खाडीकाठच्या कांदळवाडीची शाळा बंद करण्यावर सुनावणी होती. शिक्षणाधिकारी निंबाळेंनी नकाशावर पट्टी ठेवली. “पलीकडची शाळा एक किलोमीटरवर आहे. मुलं तिथे जातील.”

पालकांच्या बाजूने गणिताच्या प्राध्यापक शाल्मली तोरसकर उठल्या. जवळचा रस्ता शोधण्याचं गणित हेच त्यांचं संशोधन. “मध्ये खाडी आहे. पुलावरून नऊ किलोमीटर पडतात.”

“बाई, दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. एवढं गणित आम्हीही शिकलोय.”

“बरोबर शिकलात, साहेब. पण त्या रेषेवरून फक्त बगळे जातात. शाळेच्या पटावर त्यांची नावं घाला आणि मग खुशाल हलवा.”

सभागृह हसलं. साहेबांनी पट्टी उचलली आणि शाळा वाचली.

याच पट्टीने मोजून गेल्या वर्षी तीन शाळा बंद केल्या. तिथली मुलं आज कुठे शिकतात, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.