केळगडच्या राजांचा अंगठा

रणसिंगराजांच्या उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा टरारला आणि केळगडावर मोठ्याने खोकायचीही चोरी झाली. पंख्याचा वारा लागला, तरी राजे किंचाळत.

"वैद्यबुवा, आठ दिवसांत हा अंगठा बरा करा!"

म्हाताऱ्या नारोपंत वैद्यांनी हात जोडले. "सरकार, हे वातरक्त. कलेजी, पाया आणि मद्य थांबवल्याशिवाय..."

"ताटातला एक पदार्थ हलता कामा नये! आणि अंगठा बरा झाला नाही, तर तुमचं मुंडण करून गाढवावरून उलटी धिंड!"

ताटाशी उभ्या असलेल्या शिदोजीने हे ऐकलं. शिदोजी राजांचा चाखण्या. ताटात विष नाही ना, हे राजांच्या आधी खाऊन पाहणं ही त्याची चाकरी. त्याची बायको गेली, तेव्हा हेच नारोपंत तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते. ती वाचली नाही. पण बाकीचे उठून गेले, तरी म्हातारा उठला नव्हता. अशा माणसाची धिंड?

आठवा दिवस उजाडला. लेप झाले, काढे झाले, अंगठा होता तसाच. अंगणात गाढव येऊन उभं राहिलं. न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला. नारोपंत खाली मान घालून उभे.

"आधी जेवण, मग धिंड!" राजे म्हणाले.

ताट आलं. चोपदाराने रोजच्यासारखा आजोबा महाराजांचा दंडक ललकारला, "चाखण्याने प्रत्येक पदार्थ वाटीभर खावा! त्याला बाधा झाली, तर राजाने त्या ताटाला शिवू नये! हा दंडक मोडील, त्याने गादी सोडावी!"

शिदोजी पुढे झाला. पण वाटीला हात न लावता खाली बसला आणि पायाचं फडकं सोडू लागला.

आत अंगठा! लालबुंद! राजांच्या अंगठ्याचा सख्खा भाऊ!

"हे काय रे?"

"बाधा, सरकार!"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. चाकरी जाईल म्हणून लपवली."

"हॅत्! ठेच लागली असेल!"

"मग सरकारांनाही तीच लागली म्हणायची! आपलं घर वेगळं, वय वेगळं, अंथरूण वेगळं. सारखं तेवढं ताट! गेल्या साली सरकार महिनाभर सासुरवाडीला होते. मी घरी भाकरी, दुधीची भाजी नि ताक खात होतो. अंगठा मनुकेएवढा झाला! सरकार परतले, तसा तोही परतला!"

राजांनी कलेजीकडे पाहिलं. मग पेल्याकडे. मग शिदोजीच्या अंगठ्याकडे.

"पण आमचा हुकूम आहे! ताटातला एकही पदार्थ हलणार नाही!"

"कोण हलवतंय, सरकार? कलेजी राहू दे, पाया राहू दे, पेलाही काठोकाठ भरू दे! ताट रोज असंच सजेल. फक्त माझी बाधा जाईपर्यंत सरकारांनी त्याला शिवायचं नाही. हा माझा शब्द नाही, आजोबा महाराजांचा दंडक आहे!"

चोपदाराने घाईघाईने मान डोलावली.

"आणि तोवर आम्ही खायचं काय?"

"भाकरी, दुधी, ताक. आधी मी चाखीन!"

राजांचे डोळे बारीक झाले. "आणि तुझा अंगठा उतरला, पण आमचा नाही उतरला, तर?"

"तर समजायचं, सरकार दुसऱ्याच कुणाच्या ताटात जेवतात!"

मग राजे असे खदखदून हसले, की मंचक हलला, अंगठा दुखला. "अगं आई गं!" म्हणत ते पुन्हा हसले आणि त्यांनी भाकरी मागवली.

शिदोजीला सोन्याचं कडं आणि मऊ मखमली जोड्यांचे दोन जोड मिळाले. एक सुजलेल्या पायाच्या मापाचा, एक बऱ्या पायाच्या. नारोपंतांना मोहरांची थैली मिळाली, आणि म्हाताऱ्याला गड उतरवत नाही म्हणून ते गाढवही. शिदोजीने त्यांना स्वतः वर बसवलं, तोंड पुढे करून!