बर्फानं धरलं चिचुंद्रीचं वल्हं

होती एक चिचुंद्री. एवढीशी. शेपटी धरून मोजली तरी एवढीशीच.

राहायची काश्मीरच्या एका तळ्याकाठी. तिथं थंडी अशी, की तळंच गोठायचं. मधून पाण्याची एक बारीक वाट उरायची. त्या वाटेनं होड्या जायच्या.

चिचुंद्रीची होडी अक्रोडाच्या टरफलाची. वल्हं काडीचं, टोकाला सफरचंदाची बी. पलीकडून तांदूळ घेऊन ती घरी निघाली होती. घरी तीन पिल्लं. सकाळपासून उपाशी.

चुबुक चुबुक. चुबुक चुबुक.

हात दुखले. पाठ दुखली. दमली बाई दमली. वल्हं पाण्यातच ठेवलं नि जरा डोळा लावला.

हिवाळ्यात असं करायचं नसतं. थांबायचं तर आधी वल्हं होडीत घ्यायचं. तिथलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण दमलेल्या जिवाला कुठलं आठवायला?

कटाक. वल्ह्याभोवतीचं पाणी गोठलं. वल्हं अडकलं.

आता ऊन डोंगराआड गेलं, की पाण्याची वाटही गोठणार. मग होडी तिथंच. पिल्लांनी खायचं काय?

चिचुंद्री म्हणाली, "बर्फदादा, बर्फदादा, पिल्लं माझी वाट बघतात. तू वल्हं सोड."

बर्फ कुरकुरला. दिवसभर होड्या अंगाला घासतात, आत्ता कुठं आडवा झालोय, म्हणाला.

"बदक चोच मारेल, तर सोडीन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली बदकाकडे.

"बदकताई, बदकताई, बर्फ वल्हं सोडेना, पिल्लं माझी वाट बघतात. तू चोच मार."

बदक एका पायावर उभं होतं. दुसरा पाय पोटात. पोटात दुसरं काही नव्हतंच.

"चाचा रोटी देतील, तर मारीन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली अजीजचाचांकडे. चाचा म्हातारे. चिखलातून कमळकाकड्या उपसून उपसून आपल्या होडीत वाकून बसलेले.

"चाचा, चाचा, बदक चोच मारेना, बर्फ वल्हं सोडेना, पिल्लं माझी वाट बघतात. तुम्ही रोटी द्या."

चाचांनी हात पुढे केले. गारठून लाकूड झाले होते.

"रोटी फडक्यात आहे, बेटी. गाठ सोडायला बोटं वळायला नकोत? निखारा फुलेल, तर देईन."

चाचांच्या पोटाशी कांगडी होती. कांगडी म्हणजे टोपलीत बसवलेली मातीची शेगडी. आत राख. राखेखाली निखारा, डोळे मिटून.

"निखाऱ्या, निखाऱ्या, चाचा रोटी देईनात, बदक चोच मारेना, बर्फ वल्हं सोडेना, पिल्लं माझी वाट बघतात. तू फुल."

निखाऱ्यानं एकच डोळा उघडला.

"वारा फुंकर घालेल, तर फुलेन."

आता कसलं तुरुतुरु? फरफट फरफट. पाय ओढत चिचुंद्री गेली लव्हाळ्यात. वारा तिथं आडवा पडला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, निखारा फुलेना, चाचा रोटी देईनात, बदक चोच मारेना, बर्फ वल्हं सोडेना, पिल्लं माझी वाट बघतात. तू फुंकर घाल."

"नाही घालणार."

का रे बाबा, तिनं विचारलं. वारा कुशीवर वळला. मग हळूच बोलला.

"त्या डोंगरावरून चालत आलो. ज्या दारी जावं, ते दार लावून घेतात. मला कुणी बस म्हणत नाही."

चिचुंद्रीला राग येणार होता. पण तिनं वाऱ्याकडे नीट बघितलं. तोही दमला होता. तिच्यापेक्षा जास्त.

"माझ्या होडीत चल," ती म्हणाली. "बस जरा."

वारा आला. होडीत बसला. पाय पसरले. आणि त्यानं मोठ्ठा सुस्कारा टाकला.

हुऽऽऽश.

सुस्कारा थेट चाचांच्या कांगडीत शिरला. निखारा फुलला. लाल लाल.
चाचांची बोटं शेकली. गाठ सुटली.
चाचांनी रोटी दिली. बदकानं ती गट्ट केली.
टक टक टक. बदकानं चोच मारली.
बर्फ कुरकुरला, आणि त्यानं वल्हं सोडलं.

चुबुक चुबुक. चुबुक चुबुक.

ऊन डोंगराला टेकलं. चिचुंद्री घराला टेकली.

मोठ्या पिल्लानं भात खाल्ला. मधल्यानं खाल्ला. धाकट्यानं खाल्ला, वर बोटंही चाटली. मग तिघं आईला चिकटली.

धाकटं म्हणालं, "आई, गोष्ट सांग."

आई काही बोलेना.

पिल्लानं कान लावून ऐकलं.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

आई कधीच झोपली होती.