करंजघाटच्या पेठेतले उतरते ओटे

बसा म्हणालो असतो, पण या पेठेत बसायला जागा नाही. म्हणजे ओटे आहेत. खालच्या वेशीपासून वरच्या वेशीपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक दुकानापुढे दगडी ओटा आहे. पण एकूण एक ओट्याचा माथा रस्त्याकडे उतरता. मघाशी या ताई टेकायला गेल्या आणि घसरून खाली आल्या, त्यात त्यांची काही चूक नाही. परवा बसस्टॉपवर नवं बाक आलं, तेसुद्धा आम्ही मागच्या पायांखाली विटा सारून तिरपं करून घेतलं. हसू नका. मी हैबती, चाळीस वर्षं याच रस्त्यावर हमाली केली आणि चाळीस वर्षं उभ्यानं दम खाल्ला. का, ते भिंतीला पाठ लावून ऐका.

गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. खाडीवरचं मीठ माणसांच्या डोक्यावरून घाट चढून यायचं. ओटे तेव्हा पाटासारखे सपाट होते म्हणे. कमरेएवढे उंच, म्हणजे ओझेवाल्यानं कुणाला हाक न मारता ओझं उतरवावं, घटकाभर टेकावं आणि पुढं जावं. तो त्यांचा हक्कच होता, कुणी दिलेला नव्हता आणि कुणी काढूनही घेतला नव्हता.

कोंडाई नावाची एक म्हातारी होती. विधवा बाई, मीठ वाहायची. तिचा मुलगा संभू, पेठेतला एकुलता एक पाथरवट. एका वैशाखात भर दुपारी कोंडाई घाट चढून आली आणि गुणोजी महाजनाच्या ओट्यावर ओझं ठेवून बसली. गुणोजी म्हणजे पेठेचा मुख्य, त्याच्या शब्दाबाहेर इथं पान हलत नसे. ओटा नुकताच धुऊन घेतलेला. पोत्यातून मिठाचं पाणी पाझरलं आणि दगडावर ओघळ उठला. तेवढ्यावरून गुणोजीचं डोकं फिरलं.

"ऊठ आधी! ओटा काय तुझ्या बापानं घातलाय?"

"जरा दम खाऊ द्या मालक," कोंडाई म्हणाली, "डोळ्यापुढं अंधारी आलीया."

गुणोजीनं गड्याला सांगून ते ओझं तिच्या डोक्यावर परत चढवलं. कोंडाई चालू लागली. वरच्या वेशीच्या अलीकडे भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ हलेना, तेव्हा कुणीतरी जवळ जाऊन पाहिलं. ओझं डोक्यावर तसंच होतं आणि बाई गेलेली होती.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी गुणोजीनं संभूलाच बोलावलं. ओझेवाल्यांनी पुन्हा ओटे नासवू नयेत म्हणून सगळ्या ओट्यांचे माथे उतरते करून हवे होते. आई कुणाची आणि कशानं गेली, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गरिबाला कसला आलाय राग, असंच त्याला वाटलं असणार. अशा माणसांना ते नेहमीच वाटतं.

संभूनं मान खाली घालून ऐकलं, असं सांगतात. मग म्हणाला, "करतो मालक. पण एकदा हातोडा उचलला की मधेच थांबायचा नाही. या वेशीपासून त्या वेशीपर्यंत टेकायचा एकही दगड सपाट राहायचा नाही. आणि तुमच्या तोंडच्या शब्दाशिवाय तो कुणी पुन्हा सपाट करायचा नाही. तसा बेल-भंडारा उचला."

आपल्या कामाला कुणी हात लावू नये म्हणून पाथरवट धडपडतोय, असं समजून गुणोजी खूश झाला. खंडोबाच्या देवळात, चारचौघांसमोर, त्यानं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली.

वर्षभर पेठेत छिन्नीचा आवाज चालला. संभू गुणोजीच्या स्वतःच्या ओट्यापाशी आला, तेव्हा महाजन धावत बाहेर आला.

"अरे, हा माझा!"

"शपथेत तुमचा-माझा नव्हता, मालक."

संध्याकाळी ओट्यावर तक्क्याला टेकून पेठ न्याहाळायची गुणोजीची सवय त्या दिवशी सुटली. लोक तोंडावर पदर, उपरणं धरून हसले. पण संभू हसला नाही. तो शेवटच्या दगडाकडे चालला होता.

वरच्या वेशीच्या आत, वळणावर, विसाव्याचा दगड आहे. स्मशान वेशीपलीकडे, नदीवर. प्रेत नेताना तिरडी त्या दगडावर घटकाभर टेकवायची, खांदेकऱ्यांनी बाजू बदलायच्या, मग पुढं जायचं. विसावा झाल्याशिवाय मेलेल्याची वाट सुटत नाही, असं आम्ही मानतो. संभूनं त्या दगडाला छिन्नी लावली, तशी अख्खी पेठ गोळा झाली.

"संभ्या, अरे हा मेलेल्यांचा दगड!"

"माझी आई मरताना कशावर टेकली होती?" त्यानं विचारलं. दगड उतरता झाला.

आता गुणोजी घाबरला. त्यानं निरोप धाडला, तेवढा एक दगड पुन्हा सपाट कर. संभूनं उलट निरोप दिला, माझ्या आईच्या नावानं पेठेत एक नारळ फोडा आणि मुखानं सांगा, लगेच सपाट करतो. एका नारळाचा प्रश्न होता. पण गुणोजी म्हणाला म्हणे, "ओझेवालीच्या नावानं मी नारळ फोडू?" आणि विषय तिथंच मिटला.

काही वर्षांनी गुणोजी मेला. तोही वैशाखच होता. तिरडी वळणावर आली, दगडावर ठेवली, ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. तिसऱ्या वेळी पायाकडचा दोर सुटून प्रेत रस्त्यावर येता येता राहिलं. जमीनही तिथं अशी चढाची की खाली ठेवायची सोय नाही. खांदेकरी घामाघूम झाले. शेवटी महाजनाचा मुलगा हातातलं आगीचं मडकं बाजूला ठेवून संभूच्या दारात गेला आणि पायाशी बसला.

"संभूकाका, एवढा दगड सपाट करून द्या. बापाला टेकू द्या."

संभू छिन्नी घेऊन आला. तिरडीपाशी उभा राहिला. लोकांना वाटलं, विरघळला.

"देवाची शपथ आहे, बाळा. ती मोडायला तुझ्या बापाच्या तोंडचा शब्द लागतो," तो म्हणाला. "त्याला म्हणावं ऊठ, आणि सांग."

एवढं बोलून तो तिथंच उभा राहिला. पेठेतला एकही ओझेवाला खांद्याला पुढं झाला नाही. महाजनाच्या घरच्यांनी ते ओझं उन्हात जमेल तेवढं धरलं आणि विसाव्याविना नदीवर नेलं.

गुणोजी शब्द न देताच गेला, म्हणून शपथ अजून उभी आहे. आमच्या घरचं माणूस गेलं की आम्ही हमाल तिरडी खांद्यावरच धरून वळणावर थांबतो, ओझं उभ्यानं पेलायची आम्हाला सवय आहे. ओटे सपाट करून देतो म्हणून तीनदा माणसं आली, तीनदा आम्हीच हाकलली. आमचे गुडघे गेले तरी चालतील. ओटा सपाट झाला तर गुणोजी सुटेल.

आजही महाजनांच्या घरातलं कुणी गेलं, की पेठेतले हमाल हातातलं काम टाकून वळणावर जमतात. खांदा देत नाहीत, नुसते बघतात. गेल्या फाल्गुनात त्यांची थोरली सून गेली. फार चांगली बाई. उन्हाळ्यात मला दारात बोलावून ताक द्यायची, कधी उणा शब्द बोलली नाही. तिची तिरडी पोरांच्या हातात डगमगत होती आणि मी चार हातांवर उभा होतो. मला रडू येत होतं. तरी मी पुढं झालो नाही.