भंडाऱ्याचं एक हजार दहावं पान

गावदेवीच्या भंडाऱ्याला जहागीरदार रायाजीराव चांदीचं ताट मांडून एकटेच चौरंगावर बसले आणि तिथूनच गरजले, "निळोपंत, सगळ्या पंगती सारख्या हव्यात! कुठे एक पान कमी-जास्त दिसलं, तर कारभारीपद गेलं म्हणून समजा."

निळोपंतांनी खाली जमलेली माणसं मोजली. एक हजार नऊ! सात पंगती धरल्या तर एक जण उरे, अकरा धरल्या तर आठ. मेल्या आकड्याला कशानेच भाग जाईना. सगळ्यांची एकच पंगत मांडावी, तर तिचं शेपूट थेट नदीत! इकडे भात निवत चालला आणि माणसं पंतांवरच डाफरू लागली.

शेवटी पंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सरकार, हा आकडा भारी मानी आहे, सारखे वाटे पडूच देत नाही. पण आणखी एक माणूस पंगतीला आला, तर एकशे एक पानांच्या दहा पंगती चोख बसतील."

"मग आणा की त्याला धरून!" रायाजीराव कडाडले. "देवीच्या पंगतीला न बसणारा हा टिकोजीराव आहे तरी कोण?"

"ते चौरंगावर बसलेत, सरकार."

मांडवभर हसू फुटलं. रायाजीराव निमूटपणे उतरले आणि दहाव्या पंगतीच्या टोकाला पत्रावळीपुढे मांडी घालून बसले.

"पंत," ते पुटपुटले, "पुढच्या वर्षी आधी मला मोजा."