रोशाच्या तेलाचा पहिला थेंब

सातपुड्याच्या उतारावर रोशा गवताचं गुलाबीसोनेरी रान होतं, आणि रानाच्या कडेला झिमलीची गळकी झोपडी. आईचे गुडघे धरलेले, तिला उठवत नसे. म्हणून चिमुकली झिमलीच गवत कापी आणि ओढ्याकाठच्या भट्टीवर नेई. तिथे गवत उकळून त्याचं सुवासिक तेल काढत. भट्टीवाला रुमाल्याबाबा रोज चिडवी, "आज भाराच चालत आला का? खाली पाय कुणाचे?"

एका सकाळी विळ्यापुढे काहीतरी चमचमलं. झिमलीनं हात आवरला. तुऱ्यावर बोटाएवढी परी बसली होती, इवल्या पंखांवर दवाचे मणी.

"मी या गवताचा गंध," परी म्हणाली. "गुलाबातही मीच असते. शिकलेली माणसं मला जिरेनिऑल म्हणतात. जीभ अडखळते ना? अडखळू दे. तू मला वाचवलंस, एक इच्छा माग. ज्याच्यासाठी मागशील त्याला हात लावून माग. आणि ऐक, भट्टीतून उतरलेल्या निव्वळ तेलात मी जहाल असते. वाटीभर तिळाच्या तेलात माझे दोनच थेंब, तेही मोठ्यांना चोळायला. तान्ह्याला नाही, डोळ्यांजवळ तर नाहीच."

आईकडे धावताना वाटेत भट्टी लागली. हंगामाचं पहिलं तेल उतरलं होतं. ते गावातल्या सगळ्यात धाकट्या बाळाच्या कपाळी लावायची रीत, आणि यंदा धाकटा होता रुमाल्याबाबाचाच नातू, त्याला भट्टीवर आणलं होतं. "बाळाला लावू नका, गवताच्या परीनं सांगितलंय," झिमलीनं परोपरीनं विनवलं. सगळे हसले. "आता गवत आम्हाला शिकवणार," म्हणत बाबानं तेलाचं बोट बाळाच्या कपाळी टेकवलं.

भट्टीची धग, बाळाला घाम. थेंब ओघळून डोळ्यात गेला. बाळ किंचाळलं. झिमलीनं त्याच्या डोळ्यावर ओढ्याचं पाणी धरलं, कितीतरी वेळ धरलं. डोळा काही उघडेना. रुमाल्याबाबाचं हसू कुठल्या कुठे गेलं.

झिमलीला आईचे गुडघे आठवले. तिनं ओठ दाबला, बाळाच्या गालाला हात लावला आणि पुटपुटली, "याला दिसू दे."

डोळा उघडला. लुकलुकला.

घरी आईला सांगताना मात्र तिला रडू फुटलं. आईनं तिला कुशीत घेतलं. "माझे गुडघे म्हातारे, झिमले. त्याचा डोळा नवा. बरं केलंस."

तेवढ्यात दारातून परी आली. आईच्या तिळाच्या तेलाच्या वाटीत तिनं पंखांवरचे दोन मणी झटकले, आणि लखलखत्या उजेडात विरून गेली. झिमलीनं ते तेल हलक्या हातानं चोळलं. आई उठली, दारापर्यंत गेली, अंगणात उतरली.

पुढच्या हंगामापासून पहिला थेंब रुमाल्याबाबा विळ्याच्या मुठीला लावू लागला, झिमलीच्या विळ्याच्या.

गोष्ट झाली. आता आधी हात धुवा, मगच डोळे पुसा.