वावगं म्हणजे काय?

निंबगाव हे राजाचं गाव. तिथे केरबा नावाचा एक दवंडीवाला राहायचा. हलगीवर थाप मारून त्याने तोंड उघडलं की वेशीबाहेरच्या म्हशीसुद्धा कान टवकारायच्या. राजाचा हुकूम घरोघरी पोचवायचा हे त्याचं काम, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

त्या गावात दवंडीची एक जुनी रीत होती. दवंडी देऊन झाली की दवंडीवाल्याने प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबायचं. कुणाला काही कळलं नसेल तर त्याने विचारायचं आणि दवंडीवाल्याने समजावून सांगायचं. त्याला सांगता आलं नाही, तर ती दवंडी त्या आळीला लागू नाही. मग त्याने हलगी काखेत मारायची आणि दरबारातून विचारून यायचं. राजाच्या आज्या-पणज्यानेही ही रीत मोडली नव्हती.

एक दिवस कोतवालाने राजाच्या नावाने नवा हुकूम काढला. केरबा गावभर ओरडत निघाला, "ऐका हो ऐका! आजपासून कुणीही वावगं बोलायचं नाही! बोलेल तो कोठडीत जाईल!"

कुंभारआळीच्या तोंडाशी चिमाआजी बसली होती. ती गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, केरबासुद्धा. तिने विचारलं, "केरबा, लेका, वावगं म्हणजे काय रे?"

केरबा गडबडला. त्याला तरी कुठे ठाऊक होतं! रीतीप्रमाणे त्याने परत फिरायला हवं होतं. पण चारचौघांत मान खाली घालायची त्याला लाज वाटली. तो हसून म्हणाला, "आजी, शहाण्या माणसाला हेही सांगावं लागतं होय?"

लोक हसले. आता पुढे कोण विचारणार? विचारेल तो येडा ठरणार! आजी आणखी काही बोलणार, तोच हलगी कडाडली आणि केरबा पुढच्या आळीत गेला. झालं! एवढ्याशा खोट्या ऐटीपायी गावाच्या गळ्याला फास लागला.

दुसऱ्याच दिवशी शिवराळ भिवाला उचललं. हा भिवा येताजाता लोकांची आईबहीण काढायचा. गाव खूश! "बरी जिरली मेल्याची," म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या. मग एका तेल्याला नेलं. राजाच्या हत्तीने माझा घाणा मोडला, एवढंच तो म्हणाला होता. हत्तीने खरोखरच मोडला होता. पण कोतवाल म्हणाला, "खरं असलं म्हणून काय झालं? वावगं ते वावगंच." मग पंतोजींना नेलं. त्यांनी पोरांना एक गोष्ट सांगितली होती आणि गोष्टीतला राजा मूर्ख होता. आता बोला! हळूहळू बाजारातले लोक तोंड उघडायच्या आधी मागे वळून बघायला लागले.

त्याच सुमारास राजाच्या मेहुण्याने गावासाठी नवा हौद बांधला. मेहुण्याला अक्कल कमी आणि हौस फार. हौद बांधला तो नेमका रंगाऱ्यांच्या कुंडांच्या उताराला. रंगाचं विषारी पाणी त्यात झिरपायला लागलं. पोटुशी बायका आजारी पडू लागल्या. चिमाआजीच्या ते लगेच ध्यानात आलं. ती दारोदार फिरून सांगू लागली, "बायांनो, हौदाचं पाणी पिऊ नका गं. चार पावलं जास्त चाला, पण नदीवरनं आणा."

कोतवालाने तिला भर बाजारातून दंडाला धरून नेलं. ऐंशी वर्षांची म्हातारी! लाज नाही, शरम नाही. आणि लोक? लोक आपापल्या दारांच्या कड्या लावून बसले.

केरबा धावत चावडीवर गेला. "साहेब, म्हातारी खरं बोलली. त्यात वावगं काय आहे? वावगं म्हणजे नक्की काय, तेवढं तरी सांगा."

कोतवाल मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ज्याच्यासाठी आम्ही धरून आणतो, ते वावगं."

केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक राजापुढे उभा राहिला आणि त्याने तेच विचारलं. राजा हसला. म्हणाला, "अर्थ सांगितला, तर आमच्या कोतवालाचे हात बांधले जातील, केरबा. ते मोकळेच बरे."

तेव्हा कुठे केरबाच्या डोक्यात प्रकाश पडला. हुकूम चुकून मोघम राहिला नव्हता. तो मुद्दाम मोघम ठेवला होता.

केरबाने हलगी दरबारातच टाकली आणि तो नुसत्या गळ्याने ओरडत सुटला. "ऐका हो ऐका! ती दवंडी लागू नाही! आजीच्या सवालाचं उत्तर मला आलं नव्हतं. मी थाप मारली. चूक माझी!" तिसऱ्या आळीत शिपायांनी त्याला धरला. पण तो आवाज केरबाचा होता. साऱ्या गावाने ऐकला.

दुसऱ्या दिवशी नवा दवंडीवाला आला. राणीसाहेबांची स्वारी येतेय, रस्ते झाडून ठेवा, असा हुकूम होता. कुंभारआळीतल्या एका बाईने पुढे होऊन विचारलं, "ते राहू दे. आधी सांग, वावगं म्हणजे काय?" त्याला सांगता येईना. "मग तुझी ही दवंडीही लागू नाही," म्हणत लोक घरात निघून गेले, झाडू कुणी उचललाच नाही. पुढच्या आळीत तोच सवाल. त्याच्या पुढच्या आळीतही तोच. कितीजणांना धरणार? कोठडी भरली, तरी सवाल थांबेना. शिपायांना घरी बायका विचारायला लागल्या. राजाचा एकही हुकूम गावात चालेना. शेवटी महिन्याभराने त्याने झक मारत कायदा मागे घेतला आणि सगळ्यांना सोडलं.

म्हणजे, जे जिवंत होते त्यांना. चिमाआजी त्या ओल्या कोठडीत आठव्याच दिवशी गेली होती. आणि हौदाचं पाणी पिऊन गावातल्या दोन बाळंतिणी गेल्या. 'पिऊ नका' म्हणत दारोदार फिरणारी उरलीच नव्हती.

कायदा मागे घेतल्याची दवंडी केरबालाच द्यायला लावली. लोक साखर वाटायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सुटलो बाबा एकदाचे!"

केरबा कडाडला, "सुटलो? आजी सुटली का? त्या दोन पोरी सुटल्या का? भिवाला नेलं तेव्हा तुम्ही टाळ्या पिटल्यात आणि मी हलगी. एकट्या कोतवालाने नाही मारलं त्यांना!"

साखर वाटणाऱ्याने मान खाली घातली. बाकीचेही एकेक करून गुपचूप घरी गेले.

तात्पर्य: ज्या कायद्याचा अर्थ सांगायला राज्यकर्ता तयार नसतो, तो कायदा खरं बोलणाऱ्याचा गळा धरण्यासाठीच असतो, म्हणून त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी विचारावा, आणि पहिला माणूस आपल्याला न आवडणारा असला तरी टाळ्या वाजवू नयेत.